बंद कारखान्याखालचा निवारा-बोगदा मोजताना: प्रकल्प नोंदी

जागा: बंद पडलेल्या कारखान्याच्या आवाराखालचा दुसऱ्या महायुद्धातला, हवाई हल्ल्यात लपायचा निवारा. आधी खणून, काँक्रीट ओतून, वर माती टाकलेला. नागमोडी, साधारण १.८ मीटर रुंद, २.१ मीटर उंच. एक तोंड (अ) उघडं करता येण्यासारखं. संकटकाळी बाहेर पडायचं दुसरं तोंड (ब) राडारोड्याने भरलेलं. शेजारी बॉयलर घर.

काम: १:२०० प्रमाणात नकाशा. मालकाची लेखी परवानगी हातात आल्यावरच कुलपाला हात लावला. आत चार जण, वर एक जण कायम. वरच्याकडे लिहिलेली वेळ. ती टळून ३० मिनिटं झाली की त्याने बचाव पथक बोलवायचं. त्याने स्वतः आत उतरायचं नाही, कुणाचा आवाज आला तरी नाही. खराब हवेत पडलेल्याला काढायला धावलेला माणूसही तिथेच पडतो, हे बंदिस्त जागांमध्ये पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

३ जानेवारी

आत गेलो नाही. कारखान्याच्या जुन्या आराखड्याशी जागा ताडून पाहिली. आराखड्यात बोगदा आणि बॉयलर घर यांच्या मधे एक छोटा आयत काढलेला आहे, नाव काही लिहिलेलं नाही. खूण करून ठेवली.

अ तोंडाचा लोखंडी दरवाजा बिजागऱ्यांत पूर्ण धरलेला. स्प्रे मारला, अर्धा तास थांबलो, पुन्हा मारला, पहारीने थोडं थोडं हलवलं. दरवाजा माणूस जाण्याइतका सरकायला अडीच तास लागले. पहार एकदम रेटायची नाही. बिजागरी तुटली तर एवढा दरवाजा कुणाच्या तरी पायावर येतो.

हवा उंबऱ्यावरूनच मोजली: पंपाने हवा ओढून वायू मोजणारा मीटर, त्याला सहा मीटर लांब नळी. नळीच्या दर मीटरला दोन-तीन सेकंद धरायचे आणि वर आकडा स्थिरावायला किमान एक मिनिट. नळी टाकून लगेच आकडा वाचला तर तो बाहेरच्या हवेचाच असतो. ऑक्सिजन २०.७ टक्के, बाकी सगळे वायू शून्य.

४ जानेवारी

कालचं ते शून्य खोटं निघालं.

सकाळी मीटरला चाचणीचा गॅस दिला. बाटलीत मिथेन २.५ टक्के, म्हणजे ज्या प्रमाणापासून स्फोट होऊ शकतो त्या खालच्या मर्यादेच्या निम्मा. आकडा ५० यायला हवा होता, आला ४. पुन्हा दिला, ३. ज्वलनशील वायूचा सेन्सर मेला होता.

कारण शोधायला दुपार गेली. काल बिजागऱ्यांवर मारलेला स्प्रे सिलिकॉनचा होता आणि मीटर तेव्हा चालू अवस्थेत खांद्याला लटकत होता. या सेन्सरमध्ये एक तापलेला मणी असतो, त्याच्यावर वायू जळतो आणि त्या उष्णतेवरून आकडा ठरतो. सिलिकॉनच्या वाफेचा त्या मण्यावर थर बसतो आणि जळणं थांबतं. मीटर मात्र कुठलीही तक्रार करत नाही, शांतपणे शून्य दाखवत राहतो. म्हणून गॅस देऊन तपासणी रोज, काम सुरू करण्याआधी. महिन्यातून एकदा नव्हे.

आता दरवाजासाठी साधं खनिज तेल, आणि तेल मारताना मीटर वीस पावलं लांब.

नुकसान: एक सेन्सर, नवा येईपर्यंत नऊ दिवस.

१३ जानेवारी

नवा सेन्सर बसवला, तपासला, ५० ला ४९ आला. सोबत कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर आणला. नेहमीचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू बघतो. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही, आणि जुन्या निवाऱ्यात हाच वायू सगळ्यात जास्त भेटतो: कुजलेल्या लाकडी बाकांमधून, साचलेल्या पाण्यातल्या गाळातून.

नळी दोरीने पुढे सरकवत पहिल्या वळणापलीकडच्या खोलगट भागात नेली. ऑक्सिजन १९.८, कार्बन डायऑक्साइड १.१ टक्के. ऑक्सिजनचा गजर १९.५ ला वाजतो, म्हणजे चार वायूंचा मीटर इथे गप्पच बसला असता. आठ तासांच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ०.५ टक्के धरतात, आपण तिच्या दुपटीच्या वर होतो. हा वायू कुजण्यातून न येता जमिनीतून झिरपून आला असता तर परिस्थिती आणखी फसवी. तो ३ टक्के भरला तरी ऑक्सिजन जेमतेम २०.३ पर्यंत उतरतो. ३ टक्क्यांत धाप लागते, डोकं दुखतं, आणि गजर तरीही वाजत नाही.

पंखा लावला. बोगद्याची लांबी आराखड्यावरून सुमारे २१० मीटर, म्हणजे साधारण ८०० घनमीटर हवा. पंख्यावर तासाला १,५०० घनमीटर लिहिलेलं. कापडी नळीची लांबी आणि वळणं धरून त्याच्या निम्मं पकडलं, म्हणजे तासाला जेमतेम एकदा हवा बदलणार.

यात दोन चुका झाल्या. पहिली: पंख्याच्या कापडी नळीचं टोक फक्त १२ मीटर आत ठेवलं. हवा तिथूनच वळून दाराबाहेर येत राहिली आणि आतला आकडा दोन तासांत हललाच नाही. ताजी हवा शेवटच्या टोकाला सोडायची आणि तिने सगळा बोगदा ओलांडून दाराकडे यायचं, असंच हवं. नळी एकदम आत नेली नाही. जिथे आकडे ठीक आहेत तिथपर्यंत माणूस, तिथे थांबून पुढची हवा साफ होईपर्यंत वाट, मग पुढचा टप्पा. दुसरी चूक जास्त गंभीर: जनरेटर पंख्याच्या तोंडापासून चार मीटरवर होता. वारा फिरला आणि कार्बन मोनॉक्साइड ३८ पीपीएम (दहा लाख भागांत ३८ भाग) झाला, गजर वाजला, सगळे बाहेर. जनरेटर २० मीटर लांब, वारा धूर पंख्यापासून दूर नेईल अशा बाजूला हलवला. हवा खेळवण्यासाठी लावलेल्या यंत्रानेच विष आत ओढलं जात होतं.

संध्याकाळी कार्बन डायऑक्साइड ०.३ टक्के. आजचा दिवस एवढ्यातच संपला.

१४ जानेवारी

ब तोंडाजवळच्या खोलीच्या छतातून १५० मिलिमीटर व्यासाचा हवेचा पाइप सरळ वर जातो. वरची टोपी गंजून गेली होती, आत पानं, माती, पक्ष्यांची घरटी. गटार साफ करायच्या जोडकाठ्या वरून घालून मोकळा केला. पाच तास. खाली खोलीत तेव्हा कुणी नको. एका वेळी बादलीभर ओली माती धपकन पडते.

पाइप मोकळा झाल्याचे दोन फायदे. हवा आपोआप खेळू लागली. आणि मोजणीसाठी दुसरं टोक मिळालं: या पाइपातून ओळंबा सोडला की वरचा बिंदू आणि खालचा बिंदू एकाच उभ्या रेषेत. बोगद्यात अ पासून मोजत इथवर यायचं, वर जमिनीवरून अ पर्यंत परत मोजायचं, की फेरा पूर्ण. फेरा जुळला नाही तर कुठेतरी चूक आहे हे नक्की कळतं. एकाच तोंडातून मोजलेल्या बोगद्यात हे कधीच कळत नाही.

१७ जानेवारी

पहिली पूर्ण फेरी. फक्त बघायचं, मोजायचं नाही.

दारातून आत गेलं की काटकोनात वळण, समोर जाड भिंत, मग दुसरा दरवाजा. वळण स्फोटाचा धक्का थेट आत जाऊ नये म्हणून, दोन दरवाजे विषारी वायू रोखण्यासाठी. बोगदा नागमोडी असण्याचं कारणही स्फोटाचा धक्काच. नवखा माणूस या वळणांत दिशा विसरतो, म्हणून प्रत्येक वळणावर बाहेरच्या दिशेचा बाण असलेली चिठ्ठी ठेवली. भिंतीवर रंग नाही. भिंतींवर बसण्याच्या जागांचे मूळ क्रमांक अजून वाचता येतात, त्यांच्या शेजारी आपली खूण नको.

छत: सळया गंजून फुगल्यात. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते आणि तो काँक्रीटचा थर आतून ढकलून पाडतो. लांब काठीने ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला की पुढे. पोकळ आवाज आला की त्याखाली थांबायचं नाही. चौथ्या आणि पाचव्या वळणाच्या मधे तीन मीटरचा पट्टा पोकळ बोलतो. तिथे एकेकाने, न थांबता जायचं.

जमीन: सातव्या वळणानंतर ३० सेंटीमीटर गढूळ पाणी. प्रत्येक पावलाआधी काठी टेकत गेलो म्हणून पंपाचा खड्डा सापडला, १.४ मीटर खोल, झाकण कुजून गेलेलं. वरून पाणी अगदी सपाट, कुठलीच खूण नाही. खड्ड्याभोवती दोरी बांधली. गाळ ढवळला गेला तसा हायड्रोजन सल्फाइड शून्यावरून ६ पीपीएम वर गेला. १० ला गजर आहे. ६ लाच मागे फिरलो, पंखा तासभर चालवला, मग पुन्हा. सडलेल्या अंड्यांचा वास येणं थांबलं म्हणजे वायू गेला, असं मानू नका. हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो.

बाजूच्या खोलीत एक पेटी गॅस मास्कची आणि एक जुन्या मापक यंत्रांची. दोन्हींना हात लावला नाही. त्या काळातल्या अनेक मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस आहे, त्यामुळे तोंडाला लावून फोटो काढणं म्हणजे ते तंतू श्वासात घेणं. मापकांच्या तबकडीवरचे हिरवट पिवळे आकडे किरणोत्सर्गी रेडियमच्या रंगाचे वाटतात. अंधारात ते चमकत नाहीत, पण त्यावरून रेडियम संपलं असं समजू नका. संपलेलं असतं ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियमचा अर्धायुकाल १,६०० वर्षांचा आहे. काच फुटलेली असेल तर ती खोली सोडायची. बर्लिनच्या गेझुंडब्रुनेन निवाऱ्यात भिंतींना लावलेला रंग वेगळा: टॉर्च मारून बंद केला की आजही भिंत उजळून दिसते. तो प्रकाश साठवणारा रंग. दिव्याशिवाय स्वतःहून चमकणारं, किंवा कधीकाळी चमकलेलं, असेल ते रेडियम समजूनच वागा.

१८ जानेवारी

मोजणी, पहिला प्रयत्न. होकायंत्र, उताराचा कोन मोजायचं यंत्र, लेसर मीटर. बोगद्यात १४ ठाणी (मोजणीचे खूण केलेले बिंदू), एकूण २१२ मीटर. जमिनीवर १३८ मीटर. फेरा ३५० मीटरचा.

संध्याकाळी आकडे मांडले. फेरा ११.२ मीटरने उघडा, म्हणजे मोजत परत आल्यावर शेवटचा बिंदू सुरुवातीच्या बिंदूपासून तेवढा लांब पडला. ३.२ टक्के. हा नकाशा फेकून द्यायच्या लायकीचा.

चूक कुठे ते लगेच दिसलं, कारण दोन ठाण्यांमधली प्रत्येक रेघ दोन्ही टोकांकडून वाचली होती. पाचकडून सहाकडे आणि सहाकडून पाचकडे, दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. इथे तो १९ अंशांनी चुकत होता. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टसारखा वालुकाश्मात कोरलेला निवारा असता तर होकायंत्राने थोडीफार साथ दिली असती. इथे भिंतीत सळया, छतात सळया, बाकांच्या चौकटी लोखंडी. त्यात आमच्यापैकी एकाच्या डोक्यावरच्या दिव्याच्या पट्ट्यात चुंबक होता, तो वाचनाच्या वेळी यंत्रापासून वीतभर अंतरावर यायचा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला की रेघ तिथेच पुन्हा मोजायची, हा नियम आम्हाला माहीत होता. घाईत फक्त आकडे लिहीत सुटलो. दिवस वाया.

शिवाय ठाण्यांच्या खुणा खडूने केलेल्या. ठिबकणाऱ्या पाण्याने तिसरी आणि चौथी पुसली. आता खिळा रोवलेले लाकडी ठोकळे, त्यांवर क्रमांकाची पत्र्याची पट्टी.

२४ जानेवारी

होकायंत्र बंद. कोन टेपने.

पद्धत गवंड्याच्या गुण्याच्या जवळची आहे. ठाण्यावर खिळा. मागच्या ठाण्याकडे लाईनदोरी ताणायची, पुढच्या ठाण्याकडे दुसरी. दोन्ही दोऱ्यांवर खिळ्यापासून बरोबर ३ मीटरवर चिमटा लावायचा. दोन चिमट्यांमधलं अंतर टेपने मोजायचं, ती जीवा. जीवेला ६ ने भागलं की अर्ध्या कोनाचा साइन मिळतो. लोखंड कितीही असो, फरक पडत नाही. टेप आडवा धरायचा, दोरीला झोळ नको, आणि जीवा तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा. एका ठाण्याला सुरुवातीला २५ मिनिटं लागली, सरावाने १२.

लेसर मीटरबद्दल: ओल्या काळ्या भिंतीवरून किरण परत येत नाही, पांढरा पुठ्ठा धरायचा. बाहेरून आत आलं की भिंगावर दव बसतं; पहिली दहा मिनिटं यंत्र पिशवीबाहेर काढून नुसतं ठेवायचं.

फेरा ४.१ मीटरने उघडा. १.२ टक्के. सुधारणा आहे, पण नकाशा म्हणायला पुरेशी नाही.

२५ जानेवारी

आज आत जाण्याआधी वहीच घेऊन बसलो, आणि चूक वहीतच सापडली.

काटकोनी वळणावर जीवेत ५ मिलिमीटरची चूक झाली तर कोन ०.१३ अंशाने चुकतो. चालण्यासारखं आहे. पण जिथे बोगदा जवळजवळ सरळ जातो, समजा १७० अंश, तिथे जीवा जवळपास पूर्ण ६ मीटर भरते आणि कोन बदलला तरी तिची लांबी फारशी बदलत नाही. तिथे तीच ५ मिलिमीटरची चूक १.१ अंशाची होते, आणि १.१ अंश म्हणजे ६० मीटर पुढे १.१५ मीटरच्या आसपास सरकणं. आपल्या १४ ठाण्यांपैकी पाच अशी जवळजवळ सरळ आहेत.

उपाय सोपा निघाला. मागच्या ठाण्याकडून आलेली दोरी खिळ्याच्या पुढे तशीच सरळ ३ मीटर वाढवायची आणि त्या वाढवलेल्या टोकापासून नव्या दोरीवरच्या चिमट्यापर्यंतचं अंतर मोजायचं. मग मोजला जातो तो १७० ऐवजी १० अंशांचा कोन, आणि ५ मिलिमीटरची चूक पुन्हा ०.१ अंशावर येते. दोरी खरंच सरळ वाढली आहे हे बघायला मागच्या ठाण्यावर दिवा ठेवून डोळा लावायचा: खिळा, दोरी, दिवा एका ओळीत.

पाच ठाणी नव्याने मोजली, चार तास. ओळंबाही पुन्हा सोडला. काल तो झुलत होता आणि आम्ही झोक्याचा मध्य अंदाजाने धरला होता. आज ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडवला, तीन मिनिटांत स्थिर. वरून दोरी थोडी हलवून ती पाइपाला कुठे टेकत नाही ना, हेही पाहिलं. टेकली तर खालचा बिंदू खोटा.

फेरा ०.८ मीटरने उघडा, ०.२३ टक्के. उरलेली चूक रेघांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकली. उत्तर दिशा आवारात, इमारतीपासून ४० मीटर लांब उभं राहून एकदाच होकायंत्राने घेतली.

३१ जानेवारी

बॉयलर घर. आत गेलो नाही. पाइपांवरचं वेष्टण फाटून लोंबतंय, खाली पांढरट भुगा. त्या काळातलं वेष्टण ॲस्बेस्टॉसचं धरूनच चालायचं, तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत. एका कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर, खाली तेलाचा डाग. जुन्या तेलात पीसीबी ही विषारी रसायनं असू शकतात. जाळीच्या जमिनीचे पत्रे खालून गंजलेले, वरून मात्र शाबूत दिसतात.

खिडकीच्या चौकटींतून लेसर मीटरने भिंती मोजल्या, तीन खिडक्या, प्रत्येकी सहा मापं. तळघराची बोगद्याकडची भिंत बाहेरच्या उतारावरून मिळाली. बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क लावूनच. काम दोन तासांत आटोपलं.

७ फेब्रुवारी

नकाशा कागदावर आला. बोगदा आणि बॉयलर घराचं तळघर एकाच कागदावर पहिल्यांदाच ठेवले, आणि अकराव्या ठाण्याजवळ दोघांच्या भिंतींमधे ४.२ बाय ३ मीटरची जागा उरते. आराखड्यातला तो बिननावाचा आयत इथेच. फेरा ४.१ मीटरने उघडा असताना हीच जागा चुकीत बुडून गेली असती, ०.८ मीटरवर ती नाकारता येत नाही. अकराव्या ठाण्याची भिंत ठोकून पाहिली: मधल्या मीटरभर पट्ट्यात पोकळ आवाज, आणि तिथे काँक्रीटऐवजी विटा, सांधाही नवा. दार होतं, ते बुजवलेलं.

मालकाला नकाशा दिला आणि एकाच भोकाची लेखी परवानगी मागितली.

१४ फेब्रुवारी

परवानगी आली. १२ मिलिमीटरचं भोक, कमरेच्या उंचीवर. पलीकडे कुठला वायू आहे माहीत नसताना ठिणगी नको, म्हणून हाताने फिरवायचा गिरमिट, भोकात सतत पाणी. २३ सेंटीमीटर भिंतीला पावणेदोन तास. पार होताच ओली चिंधी कोंबली, मग तिच्या कडेने नळी.

ऑक्सिजन ९.४. कार्बन डायऑक्साइड ३.१ टक्के. ज्वलनशील वायू शून्य, पण इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये त्या सेन्सरचा मणी नीट जळतच नाही, म्हणून ते शून्य नोंदीत धरलं नाही. नुसतं लाकूड कुजून ऑक्सिजन ११.५ ने उतरला असता तर कार्बन डायऑक्साइडही जवळपास तेवढाच चढला असता. थोडा भिंतीच्या चुन्याने शोषला असेल. पण एवढी तफावत म्हणजे आत बरंच लोखंड आहे आणि ते बंद हवेत गंजत बसलंय. माणूस तिथे काही मिनिटांतच कोसळेल.

भोक रबरी बुचाने बंद केलं. बुचाला पत्र्याची पट्टी: तारीख, दोन्ही आकडे, आणि "भिंत फोडू नये". मालकाच्या प्रतीवर तो आयत लाल रेघेने भरला.